वाटसरूची शिदोरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोलायला मला बोलावलेत, याबद्दल मी मंडळाची आभारी आहे. विषय निवडण्याची मोकळीक दिलीत, तेव्हा आधी वाटले, स्त्रियांचे आरोग्य असा काही भारदस्त विषय घ्यावा. पण मग मनात आले की महिन्या-दीड महिन्यात ज्येष्ठ महिना उजाडेल. श्रीनिवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघेल आणि ज्येष्ठ वद्यात आपल्या गावी येईल. आपल्यापैकी निम्म्याजणी त्या दिवशी पहाटेपासून चुलीपुढे असतील, आणि आठ-दहाजणी इथून पुढे पंढरपुरापर्यंत पायी जातील. म्हणून म्हटले, लांबच्या वाटेने चालणाऱ्या माणसाने काय खावे, काय प्यावे आणि आपण त्याला काय वाढावे, एवढेच बोलावे. विषय घरगुती आहे, पण तो नीट न समजल्यामुळे माणसे रस्त्यात कोसळतात. मी स्वतः कोसळले आहे, म्हणून अधिकाराने सांगते!

ती हकीकत आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे उपदेश करताना मला संकोच वाटणार नाही.

चौतीस वर्षे मी शाळेत गृहशास्त्र शिकवले. फळ्यावर पिष्टमय पदार्थ, प्रथिने, स्निग्धे, जीवनसत्त्वे आणि क्षार असे पाच रकाने आखायचे नि मुलींकडून घोकून घ्यायचे, हे माझे काम. निवृत्त झाले त्याच वर्षी सासूबाईंची राहिलेली वारी पुरी करावी म्हणून दिंडीबरोबर निघाले. नगर सोडले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकादशी आली. सकाळी दोन कप चहा आणि दुपारी वाटीभर साबुदाण्याची खिचडी, एवढ्यावर मी चालत होते. ऊन असे की डांबर चपलेला चिकटावे. मृग लागूनही पावसाचा पत्ता नव्हता. आणि पाणी? पाणी मी मुद्दामच पीत नव्हते. का, ते इथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. पुरुष रस्त्याच्या कडेला कुठेही जाऊ शकतो. बाईने उघड्या माळावर कुठे जायचे? म्हणून सकाळपासून तांब्याभर पाणीदेखील पोटात गेले नव्हते. मिरजगावच्या अलीकडे डोळ्यांपुढे काजवे चमकले, पाय मेणाचे झाले आणि गृहशास्त्राच्या बाई रस्त्यात आडव्या झाल्या.

मला उठवले ते दुसऱ्या दिंडीतल्या एका म्हातारीने. तिला अक्षरओळख नव्हती. तिने माझ्या तोंडाला लिंबू, गूळ नि मिठाचे पाणी लावले, एकेक घोट पाजले आणि मग विचारले, "पोरी, पानी का गं पीत न्हाईस?" मी खाली मान घालून खरे कारण सांगितले. ती म्हणाली, "येवढंच व्हय? आमी धाजणी लुगड्याचं कोंडाळं करतो, तू मधी बस. लाजेपायी जीव देतीस का?" आणि तिने हाक मारून खरेच दहा बाया गोळा केल्या. रात्री मुक्कामावर तिने मला हुलग्याचे गरम माडगे प्यायला लावले. उपवास मोडला म्हणून मी कुरकुरले, तेव्हा ती एवढेच बोलली, "पांडुरंगाला तू चालत पोचलेली पायजेस."

भगिनींनो, माझ्या फळ्यावरचे पाचही रकाने त्या म्हातारीच्या झोळीत होते. आज मी तिची झोळी आपल्यापुढे उघडून दाखवणार आहे, आणि तिला ठाऊक नव्हता तो हिशेब शेजारी मांडणार आहे.

पहिला हिशेब चालण्याचा. निवृत्तिनाथांच्या पालखीची त्र्यंबकेश्वर ते पंढरपूर ही वाट सुमारे चारशे किलोमीटरांची. आपल्या गावापासून पुढे मिरजगाव, करमाळा, करकंब अशी जवळजवळ निम्मी वाट उरते, आणि ती पंधरवड्यात पुरी करायची असते. म्हणजे रोजची चाल चौदा-पंधरा किलोमीटर, कधी वीसही. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला सपाट रस्त्याने एक किलोमीटर चालायला ढोबळमानाने चाळीस ते पन्नास उष्मांक लागतात. पंधरा किलोमीटरांचे झाले सहाशे ते साडेसातशे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी २०२० साली जी कोष्टके ठरवली, त्यांत याच वजनाच्या बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १६६०, मध्यम कष्ट करणाऱ्या स्त्रीला २१३० आणि जड कष्ट करणाऱ्या स्त्रीला २७२० उष्मांक सांगितले आहेत. वारीला निघालेली बाई एका रात्रीत पहिल्या रांगेतून उठून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेच्या मध्ये जाऊन बसते. तिचे ताट मात्र पहिल्याच रांगेतले राहते!

हे वाढीव सहा-सातशे उष्मांक म्हणजे काही मोठे पक्वान्न नव्हे. मध्यम आकाराच्या तीन भाकरी आणि मूठभर शेंगदाणे, झाला हिशेब पुरा. पण ते एकदम खायचे नाहीत. दुपारी तडस लागेपर्यंत जेवून पुढे दहा किलोमीटर चालून पाहा. रक्त धावते पोटाकडे, पाय मागतात ते आपल्याकडे, आणि मध्ये आपण धापा टाकत राहतो. चालणाऱ्याचे जेवण पाखरासारखे असावे. पहाटे निघण्यापूर्वी काहीतरी पोटात, मग दर दोन तासांनी मूठभर, दुपारी बेताचे आणि मुक्कामाला पोहोचल्यावर पोटभर. रात्रीचे जेवण चुकवू नये. दिवसभर झिजलेले अंग त्याच जेवणावर भरून निघते.

दुसरा हिशेब पाण्याचा, आणि माझ्या मते तो पहिल्याहून मोठा आहे. उपाशी माणूस दोन दिवस चालू शकेल, पण घाम गाळत तहानलेला माणूस दुपारही गाठत नाही. घामाबरोबर नुसते पाणी जात नाही, मीठही जाते. लुगड्यावर घामाचे पांढरे डाग पडतात, ते त्याचेच. म्हणून नुसते पाणी घटाघटा पिऊनही भागत नाही. अति पाणी आणि मीठ मुळीच नाही, असे झाले तरी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. उन्हात चालताना दर अर्ध्या तासाला पेलाभर पाणी घोट घोट प्यावे. दिवसातून दोन-तीनदा ताक, लिंबाचे सरबत किंवा कैरीचे पन्हे घ्यावे आणि त्यात मीठ असावे. लघवी गडद पिवळी होऊ लागली की समजावे, पाणी कमी पडते आहे. हे मोजमाप फुकटचे आहे आणि ते कधी खोटे बोलत नाही.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर मात्र माप बिनचूक हवे. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. चव आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. हा उपाय साधा वाटतो, पण त्याची थोरवी ऐका. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत भरून रोग्यांच्या नातलगांच्या हाती पेले दिले, आणि मरणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आपल्या घरात साखरेचा नि मिठाचा डबा शेजारी शेजारी असतो. तो काय करू शकतो, याची आपल्याला जाणीव नसते, एवढेच.

आता ती लाजेची गोष्ट. अलीकडे पालख्यांच्या मुक्कामी फिरती शौचालये येऊ लागली आहेत, ही मोठी सोय झाली. पण दोन मुक्कामांच्या मधला रस्ता अजून मोकळाच असतो. तेव्हा या वर्षी आपल्या आठ-दहाजणींनी मिळून एक नियम करावा. आपल्यातल्या कोणीही बाईने या एका कारणासाठी पाणी टाळायचे नाही. जिला जायचे तिने तोंड उघडून सांगायचे आणि बाकीच्यांनी थांबून कोंडाळे करायचे. तसेच रस्त्यावर ज्यांची घरे आहेत अशा आपल्या सभासदांनी पालखीच्या दिवशी न्हाणीघराचे नि संडासाचे दार बायकांसाठी उघडे ठेवावे आणि दारावर तशी पाटी लावावी. माझ्या मते हे दार उघडणे अन्नदानाच्या तोडीचे पुण्य आहे.

आता शिदोरीकडे वळते. शिदोरी हलकी असावी, टिकावी, हात धुवायला पाणी नसले तरी खाता यावी आणि थोड्यात पुष्कळ बळ देणारी असावी. आपल्या आज्या-पणज्यांनी हे सारे बघूनच पदार्थ ठरवलेले आहेत. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचे, म्हणजे ती मऊ राहते आणि दोन-तीन दिवस प्रवासाला पुरते. ज्येष्ठ-आषाढाच्या दमट हवेत मात्र तिसऱ्या दिवशी उलटून पालटून पाहावी, बुरशीचा ठिपका दिसला तर सगळीच टाकावी. तेवढाच भाग खुडून बाकीची खाऊ नये. दशमीबरोबर शेंगदाण्याची, तिळाची, जवसाची किंवा कारळ्याची कोरडी चटणी. जिभेला चव आणि अंगाला तेल, प्रथिने नि मीठ, सगळे चिमटीभरात.

शेंगदाण्याला आपण गरिबांचा बदाम म्हणतो, ते उगीच नव्हे. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात आणि पाचशेहून जास्त उष्मांक. फुटाण्यांतही शंभर ग्रॅमांत वीसेक ग्रॅम प्रथिने निघतात. पंचावन्न किलोच्या स्त्रीला दिवसाला शेहेचाळीस ग्रॅमांच्या आसपास प्रथिने लागतात, चालताना थोडी अधिकच. कंबरेच्या पिशवीत दाणे, फुटाणे नि गुळाचा खडा असला, की निम्मा हिशेब चालता चालताच पुरा होतो. फक्त कुबट नि काळे पडलेले दाणे निवडून टाका. त्यांच्यावरची बुरशी यकृताला घातक असते.

सातूच्या पिठालाही विसरू नका. भाजलेले गहू आणि डाळे यांचे पीठ, ताकात किंवा गुळाच्या पाण्यात कालवले की जेवण तयार. चूल नको, भांडे नको. हिमालयातले शेर्पा आणि तिबेटी लोक असेच भाजलेल्या जवाचे पीठ बाळगतात, त्याला ते त्साम्पा म्हणतात आणि लोण्याच्या चहात कालवून खातात. जिथे माणसाला पाठीवर ओझे घेऊन दूर चालावे लागते, तिथे बायकांनी भाजलेल्या पिठाचाच आश्रय केलेला दिसतो. भाजल्याने पिठातला ओलावा जातो, ते टिकते आणि पचायला हलके होते.

माझ्या हाताखालून गेलेले एक प्रमाण देते. लिहून घ्यायचे तर घ्या. दोन वाट्या नाचणीचे पीठ तुपावर खमंग भाजावे. त्यात एक वाटी डाळ्याचे पीठ, एक वाटी भाजलेल्या दाण्यांचे कूट, अर्धी वाटी भाजलेले तीळ, दीड वाटी किसलेला गूळ आणि थोडी सुंठ-वेलची घालावी. मिश्रण कोमट असताना लागेल तसे पातळ तूप घालून लाडू वळावेत. दुधाचा नि पाण्याचा थेंब लागू देऊ नये, म्हणजे कोरड्या डब्यात पंधरा दिवस सहज राहतात. नाचणीच्या शंभर ग्रॅमांत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम असते. इतर कोणत्याही रोजच्या धान्यात इतके नसते. चाळिशी उलटलेल्या आपल्या हाडांना त्याची किती गरज आहे, हे गुडघे रोज सांगतातच.

ही नाचणी आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरात, अकोले तालुक्यात पिकते. त्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी नाचणी, वाल, हुलगा, भात अशी गावठी बियाणी जपून ठेवली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने राखलेले धान्य आज शहाणी माणसे शोधत फिरतात. आणि आपली नातवंडे त्याच तालुक्यातले कळसूबाई चढायला जातात तेव्हा पिशवीत काय नेतात? बटाट्याचे वेफर, मैद्याची बिस्किटे आणि रंगीत गोड पाणी! महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर आहे ते, १६४६ मीटरांचे. पायथ्याच्या बारी गावात नाचणीची भाकरी आणि झणझणीत पिठले मिळत असताना पोरे वेफर खाऊन चढतात आणि अर्ध्या वाटेत पोटऱ्यांना गोळे आले म्हणून बसतात. त्यांना रागावू नका. आपण लाडू करून दिले नाहीत, तर ती दुकानाकडेच वळणार.

आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. अवर्षण आपल्या पाचवीला पुजलेले. १९७२ च्या दुष्काळाची आठवण इथे बसलेल्या वडीलधाऱ्या बायकांना असेल. खडी फोडायच्या कामावर दिवसभर राबणाऱ्यांना सुकडी नावाचा गोडसर पौष्टिक खाऊ वाटला जाई आणि घरी लाल मिलोच्या भाकरी होत. त्या दिवसांनी एक धडा दिला. कष्टाच्या शरीराला चोचले नकोत, पण वेळेवर आणि नेमाने बळ हवे. बाजरी, हुलगा, मटकी, तीळ, शेंगदाणे ही आपल्या कोरड्या जमिनीची पिके. कमी पावसावर येतात आणि माणसाला उभे ठेवतात. हुलग्याचे शेंगोळे, माडगे, मटकीची उसळ यांना पाहुण्यांपुढे ठेवायला आपण लाजतो. का लाजावे?

उपवासाबद्दल बोलते. कोणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही, माझी स्वतःची एकादशी आजही चालू आहे. पण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्याच्या शंभर ग्रॅमांत प्रथिने अर्धा ग्रॅमही नसतात. खिचडीत जे बळ असते ते दाण्याच्या कुटाचे. शिवाय हा उपवासाचा मानकरी ज्या कंदापासून करतात तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तेव्हा त्याच्यावाचून एकादशी घडत नाही असे मुळीच नाही. राजगिऱ्याच्या शंभर ग्रॅमांत तेरा-चौदा ग्रॅम प्रथिने असतात. त्याचे लाडू, दाण्याची आमटी, रताळे, केळी, दूध, ताक घ्या आणि पाण्याला उपवास नाही, हे ध्यानात ठेवा. भगर खायची तर घरी निवडून, धुऊन ताजी शिजवा. बाजारातले दळलेले पीठ ओलावा धरते, त्याला बुरशी लागते आणि उपवासाच्या दिवशी विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. ज्यांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी चालणे म्हणजे जाणूनबुजून खड्ड्यात उतरणे. अशांच्या हाताशी साखर सदैव असावी आणि आपल्याला मधुमेह आहे हे शेजारून चालणाऱ्या बाईला माहीत असावे.

आता आपल्या मंडळाच्या अन्नदानाविषयी. आपुलकीने बोलते, राग मानू नये. पालखीच्या दिवशी आपण काय वाढतो? बुंदी, वडे, पुऱ्या, मसालेभात आणि वर चहा. पुढच्या चौकात दुसरे मंडळ जिलेबी देते, त्याच्या पुढे तिसरे भजी. वारकरी नको कसे म्हणणार? तो प्रसाद म्हणून घेतो. दुपारच्या उन्हात तेलकट-गोड पोटात, आणि संध्याकाळी मुक्कामावर पोट धरून बसलेल्या माणसांची रांग. आपले प्रेम खरे असते, पण ते त्यांच्या पायांत उतरत नाही, पोटात अडकते.

या वर्षी एवढे करून पाहू. दारात पहिल्यांदा पाणी, आणि तेही उकळलेले किंवा औषध टाकून शुद्ध केलेले, नळ बसवलेल्या झाकणाच्या पिंपातले. त्याच्या शेजारी मीठ-जिरे घातलेले ताक नि लिंबाचे सरबत. बर्फ बाजारचा नको, तो कशाच्या पाण्याचा असतो देव जाणे. जेवणाला ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठले, मटकीची उसळ, वर लिंबाची फोड आणि भात-आमटी. गोड हवेच तर गुळाची लापशी. लिंबाने उसळीतले लोह अंगी लागते, चहाने ते अडते. म्हणून चहा जेवणावर लगेच देऊ नये, तासाभराने द्यावा. शिजवलेले अन्न पावसाळी हवेत चार तासांपलीकडे ठेवू नये. दोन खेपांत शिजवले तर उरतही नाही. आणि निघताना प्रत्येकाच्या हाती कागदी पुडी, त्यात मूठभर फुटाणे, दाणे नि गुळाचा खडा. बुंदीच्या निम्म्या खर्चात हे होईल, आणि ती पुडी मिरजगावच्या माळावर आपली आठवण काढील.

शेवटची गोष्ट माझ्या मनाला सर्वांत लागलेली. दिंडीत स्वयंपाकाच्या बाया सर्वांबरोबरच चालतात. मुक्काम आला की इतर माणसे अंग टाकतात, या चुलीला लागतात. पंगती उठतात, आणि मग उरले-सुरले घेऊन या बसतात. पहाटे पुन्हा सर्वांआधी उठतात. म्हणजे चालणे जास्त, कष्ट जास्त आणि ताट सर्वांत लहान. दिंडीतच कशाला, आपल्या घरात तरी निराळे काय आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी चौपन्न टक्क्यांहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनाची उणीव, म्हणजे पांडुरोग आढळला. निम्म्याहून जास्त! या सभागृहातली एक सोडून एक बाई, असे समजा. हे अशक्तपण एका दिवसात आलेले नाही. वर्षानुवर्षे सर्वांचे झाल्यावर आपण बसलो, त्याची ही बाकी आहे.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे की पालखीच्या दिवशी पहिली पंगत दिंड्यांतल्या स्वयंपाक करणाऱ्या बायांची बसवावी. त्या दिवशी त्यांनी चूल पेटवायची नाही, वाढायचे आपण. आणि आपल्यातल्या ज्या पहाटेपासून राबतील, त्यांनीही अकरा वाजता भाकरी खाऊन मगच पुढच्या कामाला लागावे. "माझे नंतर बघू" हे वाक्य त्या दिवसापुरते तरी बंद.

ज्यांचे नाव २०२४ सालापासून आपल्या जिल्ह्याला मिळाले त्या अहिल्यादेवी जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्यांनी ठिकठिकाणी घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा उभारल्या. वाटसरूला आधी पाणी, सावली आणि मग अन्न लागते, हे त्या राजस्त्रीने ओळखले होते. आपल्याला राज्य नाही, पण पाण्याचे पिंप, ताकाचा डेरा आणि उघडे दार आहे. तेवढ्यावर पुष्कळ काम होईल.

त्या म्हातारीची नि माझी पुन्हा भेट झाली नाही. नावही विचारायचे राहून गेले. तेव्हापासून दरवर्षी पालखीच्या दिवशी मी एक पातेले माडगे करते आणि दिंडीतल्या सर्वांत थकलेल्या बाईला पहिला पेला देते. या वर्षी माझ्या जोडीला आपणही याल, अशी आशा बाळगते.